घंटाचोराचा शेवट

आमच्या वाचनालयाचं एक वार्तापत्र निघतं. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि पाडव्याला, चार पानांचं. पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत असतं, ते मीच लिहिते. मधल्या पानांवर बालविभागाचे उपक्रम, नवी पुस्तकं आणि एखादा फोटो, ज्यात निम्म्या मुलांचे डोळे मिटलेले असतात. चौथ्या पानावर खाली एक चौकट असते, 'आमची माणसं'. त्यात कर्मचाऱ्यांच्या बातम्या. कर्मचारी म्हणजे तेव्हा आम्ही तिघं. ग्रंथपाल मी, एक लिपिक आणि शिपाई मावशी. तिघांच्या अशा बातम्या तरी किती असणार? लिपिकाची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मावशी तिरुपतीला जाऊन आल्या, असलं काहीबाही. पण अंक हातात पडला की गाव आधी तीच चौकट वाचतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ती जरा खमंग लिहायची.

त्या चौकटीत काही वर्षांपूर्वी मी दोन वाक्यं लिहिली. ती आठवली की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं. सगळे अंक फाइलला लावून ठेवायची शिस्त मीच घातलेली. त्यामुळे तो अंकही माझ्या खुर्चीमागच्या कपाटात आहे आणि मी रोज त्याच्याकडे पाठ करून बसते.

मावशींचं काम सांगते. सकाळी झाडलोट, वर्तमानपत्रं टेबलावर लावणं, पुस्तकांना खाकी कव्हरं घालणं. आणि सोमवारी-गुरुवारी घरपोच पुस्तकं. आमच्याकडे बायका वाचतात भरपूर, पण वाचनालयात येत नाहीत. दारातच वर्तमानपत्रांचं मोठं टेबल आहे आणि त्याच्याभोवती दिवसभर पुरुषमंडळी बसलेली. त्यांच्या नजरेखालून कादंबरी घेऊन कोण जाणार? म्हणून फार पूर्वीच्या एका कमिटीने ही घरपोच सोय सुरू केली. दोन कापडी पिशव्या घेऊन मावशी घरोघर जायच्या, वाचलेलं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं. प्रत्येक घरी चहा व्हायचा आणि चहाबरोबर घरातलं सगळं मावशींच्या कानावर पडायचं. पण त्यांनी वाचनालयात येऊन कधी कुणाच्या घरातलं अवाक्षर काढलं नाही. बाईकडे सांगण्यासारखं काही नसेल, असं मला वाटायचं. बघा माझी अक्कल.

शनिवारचा गोष्टींचा तास मी सुरू केला. शनिवारी शाळा सकाळची असते, ती सुटली की मुलं माडीवरच्या बालविभागात यायची. पहिले दोन शनिवार मीच वाचून दाखवलं. माझे उच्चार स्वच्छ आहेत, विराम योग्य जागी घेते. मुलं पंख्याकडे बघत बसली. तिसऱ्या शनिवारी मला कोल्हापूरला मीटिंगला जावं लागलं. मावशींना म्हटलं, परत येईपर्यंत मुलांना नुसतं बसवून ठेवा. परत आले तर माडीवर चिडीचूप. आत जाऊन बघते तर तीस मुलं तोंड उघडं टाकून ऐकतायत आणि मावशी मांडीवर पुस्तक धरून गोष्ट सांगतायत. त्या दिवसापासून तास त्यांचा झाला. अहवालात मात्र 'ग्रंथपालांच्या मार्गदर्शनाखाली' असं लिहायला मी विसरले नाही.

मी खाली माझ्या टेबलाशी बसून ऐकायची. दोन-चार शनिवारांतच माझ्या लक्षात आलं की मावशी जे सांगतायत ते पुस्तकात नाहीच. पुस्तकातली सावत्र आई मावशींच्या तोंडी शेजारीण व्हायची. मेलेली आई दवाखान्यातून बरी होऊन यायची. दारू पिणारा बाप गोष्टीतून गायबच. बरं, तीच गोष्ट चार महिन्यांनी सांगितली तर आणखी निराळी. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली, कार्डावरची रेघ वाकडी आली तर पुन्हा नवं कार्ड लिहिणारी. मी ठरवून टाकलं की यांना धड वाचता येत नाही, चित्रं बघून काहीतरी जुळवतात. एकदा-दोनदा म्हटलंही, "मावशी, पुस्तकात आहे तेच सांगत जा." त्या म्हणायच्या, "व्हय बाई." आणि पुढच्या शनिवारी पुन्हा आपलं तेच.

मग तो शनिवार आला. एका शाळेच्या मुख्याध्यापिका आमचा तास बघायला आल्या होत्या. मी त्यांना मुलांच्या मागे खुर्ची दिली आणि स्वतःही शेजारी बसले. गोष्ट होती देवळातली घंटा चोरणाऱ्या माणसाची. मावशींनी ती रंगवली. चोर घंटा डोक्यावर घेऊन पळतोय आणि प्रत्येक पावलाला ती टण्ण वाजतेय, मुलं हसून लोळायची बाकी. शेवटी मावशींचा चोर घंटा परत आणून देतो, गावाची माफी मागतो, वर्षभर देऊळ झाडतो आणि घरी येतो. "आन् मग त्यो घरी आला," मावशी म्हणाल्या, "घरी आला."

पाहुण्या बाई माझ्या कानाशी वाकल्या आणि हसत म्हणाल्या, "या गोष्टीचा शेवट असा नाहीये ना हो?"

माझे कान तापले. आपल्या वाचनालयात पुस्तक चुकीचं वाचलं जातं, तेही पाहुण्यांदेखत! मी उठले आणि मुलांमधून वाट काढत मावशींपाशी गेले.

"मावशी, पुस्तकात असं नाही."

मावशींनी पुस्तक सोडलं नाही. हळूच म्हणाल्या, "बाई, ऱ्हाऊ द्या की. पोरास्नी ह्योच शेवट आवडतोय."

हे मला उलट उत्तर वाटलं. मी पुस्तक घेतलं. हिसकावलं म्हटलं तरी चालेल. आणि माझ्या त्या स्वच्छ उच्चारांत खरा शेवट वाचला. राजाने चोराला अंधारकोठडीत टाकले. तेथून तो पुन्हा कधीच घरी आला नाही. साऱ्या गावाने आनंदाने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या ओळीत दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसायची. दर शनिवारी न चुकता यायची. तिने हात वर केला. "बाई, कधीच म्हंजे किती दिवस?"

"कधीच म्हणजे कधीच," मी म्हटलं. "चोरी केली की असंच होतं. चला, आपणही वाजवूया टाळ्या."

सगळ्यांनी वाजवल्या. तिनेही वाजवल्या. टाळ्या वाजवताना ती माझ्याकडे नाही, मावशींकडे बघत होती. मावशी मात्र मान खाली घालून सतरंजीचा सुटलेला दोरा गुंडाळत होत्या. मला वाटलं, चूक उघडी पडली म्हणून खजील झाल्या असतील. खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं.

पुढच्या शनिवारी मावशी म्हणाल्या, "आता तास तुमीच घ्या बाई. माडी चढवत न्हाई. गुडघं दुखत्यात." गुडघे दुखत होते आणि दोन पिशव्या घेऊन गावभर चालत होत्या! रुसल्या आहेत, हे मी ओळखलं. रुसा म्हटलं. आणि पाडव्याच्या अंकात 'आमची माणसं'मध्ये लिहिलं: "आमच्या शिपाई मावशी गोष्टी इतक्या रंगवून सांगत, की पुस्तकालाही आपली गोष्ट ओळखू येईना! गुडघेदुखीमुळे आता त्यांनी विश्रांती घेतली असून यापुढे बालवाचकांना गोष्टी जशा लिहिल्या आहेत तशाच ऐकायला मिळतील."

गाव हसलं. वर्तमानपत्रांच्या टेबलावरून रोज कुणीतरी विचारायचं, "काय मावशी, पुस्तकाला वळख न्हाई म्हणं!" मावशी तोंडभर हसायच्या आणि टेबलाखालचा कचरा काढायच्या. वर्षभराने त्या निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ दिलं, मी भाषण केलं, भाषणातही तो पुस्तकाचा विनोद पुन्हा एकदा वापरला. शनिवारी तीस मुलं यायची ती नऊवर आली होती. मी मोबाइलला दोष देऊन मोकळी झाले.

मावशींच्या जागी नवीन माणूस मिळाला नाही. लिपिकाने वर्तमानपत्रं आणि झाडलोट सांभाळली. कव्हरं आणि घरपोच पुस्तकं माझ्या वाट्याला आली.

एका दुपारी बालविभागातली फाटकी कव्हरं बदलायला बसले. पहिलंच कव्हर काढलं तर आतल्या दुमडीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. अक्षर बारीक, सुबक, माझ्यापेक्षा चांगलं. "पान ९. आई मरती. न्हाई. दवाखान्यात जाती, बरी हून येती." दुसरं काढलं. "जाड्या म्हणायचं न्हाई. पैलवान म्हणायचं." तिसरं. "बा दारू पितो ती दोन्ही पानं एकदम उलटायची. चित्र दिसू द्यायचं न्हाई." मी एकामागून एक कव्हरं काढत गेले. आमच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाला आत दुमडीवर असं काहीतरी होतं. काही ठिकाणी आधीचं खोडून नवीन लिहिलेलं. म्हणजे मावशींनी पुस्तकं वाचली होती. शब्द न् शब्द वाचली होती. आणि घरोघरच्या चहात जे कानावर पडलं, त्याप्रमाणे समोर कोण बसलंय ते बघून एकेक गोष्ट दुरुस्त केली होती.

घंटाचोराचं पुस्तक मी सगळ्यात शेवटी घेतलं. त्याच्या दुमडीवर होतं: "कोठडी न्हाई. घंटा परत देतो, माफी मागतो, घरी येतो. घरी येतो ह्ये दोनदा सांगायचं."

मला कळलं की हे कुणासाठी तरी आहे. कुणासाठी, ते कळलं नाही. मी जुनी कव्हरं गोळा करून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि कुणाला काही बोलले नाही. मावशींचं घर चार गल्ल्या सोडून होतं. त्याच दिवशी जायला हवं होतं. गेले नाही. कामं आहेत, असं स्वतःला सांगत राहिले.

दोनेक आठवड्यांनी पिशवी घेऊन फिरताना पिठाच्या गिरणीमागच्या एका घरी गेले. तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत त्या दोन वेण्यांच्या मुलीची आई राहायची. माहेरच्या आधाराने आमच्या गावात आलेली. जाड कादंबऱ्या घ्यायची. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, शिफ्टचं काम, सारखं यायला जमत नाही, असं तिने गावात सांगितलं होतं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. निम्म्या गावाची मुलं तिकडेच कामाला आहेत. मुलगी शाळेत गेली होती. पुस्तक देता देता मी सहज म्हटलं, "तुमची लेक शनिवारी येत नाही आता?"

तिने माझ्याकडे बघितलं, उठून दार लोटलं आणि म्हणाली, "मावशींनी सांगितलं असंलच की तुमास्नी."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. नुसती बसून राहिले, ती पुढे बोलेल म्हणून. त्याचीही मला लाज वाटते.

"कागल-बिगल काय न्हाई बाई," ती म्हणाली. "कळंब्याला हाईत. जेलात. चोरीचीच केस. पोरगीला म्हाईत हाय, दुसऱ्या कुनाला न्हाई. मावशींस्नी तेवढं बोललोतो एकदा, रडू आवरंना म्हणून." मग म्हणाली, "त्या शनिवारी घरी आली ती जेवलीच न्हाई. रातच्याला मला ईचारली, आई, बाबा दोन वर्सांनी येनार म्हणतीस ते खोटं हाय व्हय? बाई वाचून दाखवल्या, कधीच येत न्हाईत. पुस्तकात छापलंय."

माझ्या मांडीवर दोन्ही पिशव्या होत्या. त्यांचे बंद मी बोटांना गुंडाळत बसले.

"मग मावशी आल्या सोमवारी. तिला जवळ घेतल्या. म्हनल्या, बाईंच्या हातातलं पुस्तक जुनं हुतं, नव्यात शेवट बदललाय. तुमास्नी बोल न्हाई लावला हं त्यांनी. पर पोरगी काय परत यायला तयार झाली न्हाई. टाळ्या वाजवल्या म्हणून लई रडली. म्हणती, बाबास्नी कळलं तर?"

तिथून उठून मी सरळ मावशींकडे गेले. पिशव्यांतली निम्मी पुस्तकं द्यायची तशीच राहिली. मावशी घराच्या पुढच्या सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि मीही शेंगा फोडायला लागले, म्हणजे वर बघायला नको.

"मावशी, माझं चुकलं."

"कशाचं?"

सोडलं नाही त्यांनी मला. मग मी सगळं सांगितलं. दुमडीवरच्या ओळी, गिरणीमागचं घर, त्या टाळ्या. शेवटी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत? मी सांभाळून घेतलं असतं."

"घेतलं असतं की," मावशी म्हणाल्या. "पर तुमच्या तोंडावर समदं दिसतंय बाई. तुमी पोरीकडं कीव करून बघितला असता. मग पोरास्नी कळलं असतं, आन् पोरांकडनं गावाला."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण खरं होतं. मी म्हटलं, "पुढच्या अंकात लिहिते. माझ्या नावानिशी. माझी चूक झाली, मावशी बरोबर होत्या, असं छापते."

मावशींचा शेंग फोडणारा हात थांबला. "काय छापणार? मावशी गोष्टी का बदलत हुती? कुणासाठी? पेपरच्या टेबलावरची ईचारतील की. बसून एकेक पोर मोजतील. त्यास्नी काय काम हाय दुसरं? चार दिवसांत त्या घराच्या दारात जातील."

"पण गाव तुमच्यावर हसलं ना. माझ्यामुळे."

"हसू द्या. मला काय हुतंय?" त्या म्हणाल्या. पण ते म्हणताना त्यांनी तोंड फिरवलं आणि टरफलं उगाचच सुपात गोळा करायला लागल्या. काहीच झालं नव्हतं असं नाही. मला ते दिसत होतं, आणि छापून ते पुसायची सोय उरली नव्हती.

सूप बाजूला सारून मावशी म्हणाल्या, "ल्हायचंच असंल तर ल्हा, मावशीचं गुडघं बरं झालं म्हणून. येतो मी शनिवारी."

दिवाळीच्या अंकात 'आमची माणसं'मध्ये एवढंच छापलं: "आमच्या निवृत्त शिपाई मावशींचे गुडघे आता पूर्ण बरे असून शनिवारच्या गोष्टी पुन्हा त्याच सांगतील." गाव परत हसलं. टेबलावरून विचारणा झाली, "मावशी, गुडघ्याला काय लावलंसा, आमास्नी बी सांगा की!" मावशी तशाच तोंडभर हसल्या आणि कठडा धरून माडी चढल्या. मी रजिस्टरात मान घालून बसले. मुख्याध्यापिका बाई पुन्हा एकदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "अजून तसंच चालतं वाटतं तुमच्याकडे?" मी म्हटलं, "हो, तसंच चालतं." यापेक्षा जास्त बोलायची मला परवानगी नव्हती. मुलं हळूहळू विसावर आली. दोन वेण्यांची मुलगी त्यात नव्हती. मी खालून मोजत असायची, प्रत्येक शनिवारी, आणि ती नसायची.

आता ते कुटुंब आमच्या गावात नाही, म्हणून एवढं तरी लिहायला धजले. मावशींना आधी वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं आणि म्हणाल्या, "ह्ये बदला." मी बदललं. त्यामुळे गिरणी होती की दुसरं काही, कागल होतं की आणखी कुठलं, वेण्या दोन होत्या की मुलगा होता, हे मला विचारू नका. आयुष्यभर मी छापलेल्या अक्षराची राखण केली आणि आता स्वतःच लिहिलेलं खोडून दुसरं लिहिते आहे. मात्र शेवटाला मावशींनी हात लावू दिला नाही. तो जसा घडला तसाच आहे. तो माणूस घरी आला.

घरी आला.